ढिगाऱ्याची तक्रार

त्या सकाळी ठकीने शर्टाचं बटण लावलं नाही. उपटलं आणि तोंडात टाकलं.

"थुंक!" तिची आई ओरडली. "आधी थुंक ते!"

ठकीने बटण थुंकलं. ते टेबलाच्या पायावर आपटून कपाटाखाली गेलं. "मला नाही येत," ती म्हणाली. "माझ्या हातांना काहीच येत नाही." आणि तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले, जणू ते चोरून आणलेले होते.

"होईल हळूहळू," ठकीच्या आईचा नवरा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. अख्ख्या गावाला स्पष्ट दिसावं म्हणून झटणाऱ्या या माणसाला घरातलं मात्र काही दिसत नसे, असं ठकीच्या आईचं ठाम मत होतं.

"हळूहळू म्हणजे कधी? सात पूर्ण झाली तिला!"

"अगं, हा सात वर्षांचा होईपर्यंत उजव्या पायात डावा बूट घालायचा," सासूबाईंनी लेकाची बाजू सावरली.

"अजूनही घालतो," ठकीची आई म्हणाली. नवऱ्याने हळूच टेबलाखाली वाकून पाहिलं.

ठकीच्या आईच्या नाकावर राग असायचा, ही गोष्ट खरी. पण त्यात तिचा दोष निम्माच. ती पाणीपुरवठ्याच्या तक्रार केंद्रात टेलिफोनवर बसायची. पूर्व विभाग तिच्याकडे आणि पश्चिम विभाग शेजारच्या टेबलावरच्या बाईकडे. गावात कुणाचा नळ कोरडा पडला की तो माणूस तिला फोन करून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि तिने साखरेत घोळलेल्या आवाजात "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो" म्हणायचं. दिवसभर असा दुसऱ्यांचा राग गिळल्यावर संध्याकाळी स्वतःचा काढायला घराशिवाय जागा उरत नसे.

पण ठकीचं दुखणं रागावण्याने बरं होणारं नव्हतं. पेन्सिल तिच्या बोटांतून निसटायची, नाहीतर इतकी रुतायची की कागद फाटायचा. चमचा तोंडाशी पोचेपर्यंत अर्धा सांडायचा. ओलं, चिकट काही हाताला लागलं की ती किंचाळत सुटायची. हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण तिच्या वर्गशिक्षिकेने आईला बोलावून जे सांगितलं, ते चालण्यासारखं नव्हतं.

"पोरगी हुशार आहे हो," शिक्षिका म्हणाली. "पण हल्ली लिहायची वेळ झाली की हात बाकाखाली घालून बसते. कुणी रागावलेलं नाही, कुणी हसलेलं नाही. तिनं आपलं आपणच ठरवून टाकलंय की आपण ढ आहोत. हे मनात एकदा पक्कं बसलं ना, की मग निघत नाही. मुलांच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा. हाताला वळण लावतात ते, खेळता खेळता. पण उशीर करू नका."

उशीर करण्याचा प्रश्नच नव्हता. ठकीच्या आईने त्याच दिवशी फोन हातात घेतला.

पहिल्या ठिकाणी एक भारदस्त आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कामावर परत कधी रुजू व्हायचंय?"

"कामावर? अहो, ती दुसरीत आहे!"

"आमच्याकडे कारखान्यात हात सापडलेले लोक येतात. यंत्रात सापडलाय का हात?"

"नाही."

"मग नाही जमणार," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी निराशाच होती.

दुसरीकडे मुलांचे थेरपिस्ट होते, पण फक्त पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचे. "तुम्ही दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं," तिथल्या बाई म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी मला हा शब्दच माहीत नव्हता!" "तेच तर. लोक फार उशिरा जागे होतात," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. ठकीच्या आईने हातातला फोन भिंतीवर आपटायचा बेत केला होता, पण तो ऑफिसचा होता.

तिसरं ठिकाण मात्र जिथे तिथे कानावर येत होतं. ज्याला विचारावं तो म्हणायचा, मुलांच्या हातांसाठी त्या बाईंसारखं कुणी नाही. तिथला फोन एका मुलीने उचलला. तिचा आवाज इतका गोड होता की ठकीच्या आईला लगेच संशय आला. हा आवाज ती ओळखत होती. रोज सकाळी आपल्याच घशातून काढत होती.

"आपली अडचण मी समजू शकते," मुलगी म्हणाली. "आपलं नाव प्रतीक्षायादीत घेतलंय. साधारण पुढच्या वर्षी आपल्याला कळवण्यात येईल."

"पुढच्या वर्षी! तोपर्यंत पोरीनं काय हात खिशात घालून बसायचं?"

"आपल्या भावना मी वरपर्यंत पोचवते हं."

"कुठं पोचवता ते मला माहितीये! मीपण तिथंच पोचवते, रोज!" ठकीची आई कडाडली. शेजारच्या टेबलावरची पश्चिमवाली दचकली आणि तिच्या विणकामातले चार टाके निसटले.

यानंतर ठकीची आई त्या दवाखान्याला रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करू लागली. गोड मुलगी रोज तिची गैरसोय समजून घ्यायची. अखेर एका सोमवारी, बहुधा कंटाळून, मुलगी म्हणाली, "गुरुवारी एक जण येऊ शकत नाहीये. चारची वेळ देऊ?"

ठकीच्या आईला आनंद व्यक्त करायची सवय नव्हती. "मग इतके दिवस काय करत होता?" असं खेकसून तिने ती वेळ घेतली.

मंगळवारी सकाळी पूर्व विभागाचा फोन वाजला.

"तुमच्याकडे माणसं काम करतात की दगड?" पलीकडून एक बाई गरजली. "तीन लेखी तक्रारी केल्या मी! माझ्या दवाखान्यात थेंबभर पाणी नाही. मुलांना रंगात, कणकेत हात घालायला लावते मी, मग ते हात धुवायचे कशाने? ऐका, गुरुवारपर्यंत पाणी आलं नाही, तर कुलूप लावून घरी बसणार आहे मी!"

पत्ता लिहिता लिहिता ठकीच्या आईचा हात थांबला. दवाखाना तोच होता, बाईही त्याच होत्या आणि गुरुवारसुद्धा तोच.

तक्रार नोंदवताना यंत्रावर तीन प्रकार यायचे: घरगुती, दुकान आणि रुग्णालय. थेरपीचा दवाखाना आजवर बिनबोभाट 'दुकान' या प्रकारात बसत होता. दुकानाकडे माणूस जायला पंधरवडा लागे. रुग्णालयाकडे मात्र दुसऱ्याच दिवशी अख्खी फौज निघायची. ठकीच्या आईने इकडे तिकडे पाहिलं आणि 'रुग्णालय'वर बोट ठेवलं.

"अगं बाई, हे काय?" पश्चिमवालीचं बरोबर लक्ष होतं.

"दवाखानाच आहे ना तो? मग खोटं काय त्यात?"

खोटं काहीच नव्हतं. अडचण एवढीच होती की रुग्णालयाचा नियम निराळा होता. तिथे नुसता माणूस पाठवून नळ तपासत नसत. तिथे थेट जमीन खणून मुख्य नळ उघडा करायचा, आणि तोही काही न विचारता, कारण विचारत बसलं आणि तिकडे कुणी दगावलं तर वर उत्तर द्यावं लागे. हा नियम ठकीच्या आईला पाठ होता. पण राग आला की माणसाला पाठ असलेलंही आठवत नाही.

बुधवारी दुपारी पूर्व विभागाचा फोन पुन्हा वाजला.

"नमस्कार, पाणीपुरवठा तक्रार केंद्र..."

"आग लागो तुमच्या केंद्राला!"

"मॅडम, पाणी आलं का?"

"आलं! धो धो आलं! पलीकडच्या कोपऱ्यावरची चावी कुणीतरी बंद करून ठेवली होती. ती फिरवली आणि आलं. पण हे कळलं कधी? माझं फाटक खणून झाल्यावर! माणूस उभा राहील एवढा खड्डा आणि त्याच्या शेजारी घराएवढा ढिगारा. आणि तुमची माणसं म्हणतात, 'आम्ही खणतो, बुजवणारा विभाग वेगळा आहे.' माझ्याकडे चाकाच्या खुर्चीतली मुलं येतात. ती काय उड्या मारत येणार? सगळ्या वेळा रद्द केल्यात मी! उद्याच्या, परवाच्या, सगळ्या!"

"उद्याच्यासुद्धा?" ठकीच्या आईचा आवाज बारीक झाला.

"उद्याच्यासुद्धा! तुम्हाला काय पडलंय म्हणा! खुर्चीत बसून 'गैरसोय समजू शकतो' म्हणायचं. ही मुलं किती वाट बघतात, याची कल्पना तरी आहे का तुम्हाला?"

झालं. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"आहे!" ठकीची आई उभीच राहिली. "मला आहे कल्पना! माझीच पोरगी आहे त्यात! उद्या चारला तिची वेळ होती! रोज फोन केलाय मी तुमच्याकडे, रोज! तुमच्या त्या मधाच्या पोळ्याला विचारा! माझी पोर हात लपवून बसते, माहितीये? माझ्या हातांना काही येत नाही म्हणते! सात वर्षांचं पोर आहे ते! तुम्ही उद्या कुलूप लावाल म्हणून मीच ते रुग्णालय टाकलं, मीच खणायला माणसं पाठवली, आणि आता तुम्हीच मला विचारता की कल्पना आहे का?"

खोलीत सुईसुद्धा पडली नाही, कारण पश्चिमवालीने ती घट्ट धरून ठेवली होती. समोरच्या भिंतीवर पाटी होती: 'आपले प्रत्येक संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे.'

फोनमधून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"मुलगी चालते?" पलीकडून प्रश्न आला.

"चालते. पळते. आदळतेसुद्धा."

"मग उद्या चारला घेऊन या. आणि तुम्ही स्वतः या. मला तुमचं तोंड बघायचंय."

ठकीच्या आईने त्या दिवशी घरी जाण्याआधी बुजवणी विभागाला खरमरीत तक्रार पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आणखी एक पाठवली, पहिलीपेक्षा खरमरीत. मग ठकीला घेऊन ती दवाखान्यापाशी पोचली.

खड्ड्याभोवती फळ्या ठोकल्या होत्या. बाजूला पिवळट, चिकट मातीचा ढिगारा होता आणि त्याच्या पायथ्याशी एक धिप्पाड बाई गमबूट घालून वाटेवरची ढेकळं बाजूला फेकत होती.

"तुम्हीच का त्या?" थेरपिस्टबाईंनी विचारलं.

"मीच."

"शहाण्या आहात! निदान एकदा विचारायचं होतं मला."

"विचारायला फोन लागतो का तुमचा?"

"तुमचा तरी लागतो का?"

दोघी आवाज चढवून भांडल्या. दोघींनाही ते मनापासून हवं होतं. एकीने मुलांची वाट लावल्याचा आरोप केला, दुसरीने पालकांना वाट बघायला लावल्याचा. गोड आवाजाची मुलगी खिडकीतून "बाई, पाणी आणू का?" विचारत होती. तिच्याकडे दोघींपैकी कुणी बघितलंही नाही. शेवटी दोघींचाही दम संपला, तेव्हा ठकीची आठवण झाली. ती हात पाठीमागे घेऊन ढिगाऱ्यापाशी उभी होती.

थेरपिस्टबाईंनी तिला नाव विचारलं नाही, हात दाखव म्हटलं नाही. त्यांनी एक भलं मोठं ढेकूळ उचललं आणि कुंपणाच्या भिंतीवर दाणकन फेकलं. ते तिथे थापल्यासारखं चिकटलं.

"मला राग आला की मी असं करते," त्या म्हणाल्या. "कालपासून खूप आलाय."

ठकीने जरा विचार केला. "मलापण येतो."

"कुणाचा?"

"हातांचा."

ठकीच्या आईच्या पोटात खड्डा पडला. समोरचा त्यापुढे काहीच नव्हता.

"मग फेक की एक."

"चिकट आहे."

"चिकटच आहे. घाणेरडं पण आहे. रागाच्या कामाला असलंच लागतं."

ठकीने एक हात पुढे काढला. दोन बोटांच्या चिमटीत तिने मातीचा एक तुकडा उचलला, तोंड वेंगाडलं आणि फेकला. तो तिच्याच बुटावर पडला. आई तोंड उघडणार, तोच बाईंनी असे डोळे वटारले की तिने ते मिटून घेतलं. ठकीने दुसरा तुकडा उचलला. मग तिसरा, पूर्ण मुठीत. तो भिंतीपर्यंत गेला. थोड्या वेळाने ठकीचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते आणि ती किंचाळत होती, पण हे किंचाळणं वेगळं होतं. प्रत्येक ढेकळाबरोबर ती ओरडायची, "घे! घे!" शेवटी आईलाही राहवलं नाही. तिने एक ढेकूळ उचलून त्या पाच वर्षांपर्यंतवाल्या बाईंच्या नावाने भिंतीवर हाणलं.

"खांद्यात जोर आहे पोरीच्या," थेरपिस्टबाई हात झटकत म्हणाल्या. "मनगट झोपलंय आणि बोटं घाबरलीत. उठवू. दर मंगळवारी आणि गुरुवारी आणा."

"आणि प्रतीक्षायादी?"

"यादीतल्या निम्म्या पालकांनी खड्ड्याचं ऐकूनच नावं काढून घेतलीत. तुमच्याच कृपेने."

पुढच्या काही आठवड्यांत त्या ढिगाऱ्याचं नशीब उजळलं. घसरायला, खणायला, मळायला, बोटांनी भोकं पाडायला एवढा मोठा ऐवज बाईंनी आजवर पाहिला नव्हता. आत ठेवलेले विकतचे रंगीत गोळे धूळ खात पडले. चाकाच्या खुर्चीवाल्या मुलांसाठी फळ्यांची वाट तयार झाली आणि तीही तडक ढिगाऱ्याकडेच जायची. सासूबाई ठकीला घेऊन जायच्या आणि येताना स्वतःच्याही पदराला माती लावून यायच्या. घरी ठकीने अजून बटण लावलं नव्हतं, पण जेवताना हात टेबलावर यायला लागले होते. एवढ्यावरसुद्धा तिची आई रात्री निवांत झोपायला लागली होती.

एकच गोष्ट तिला खात होती. बुजवणी विभागाकडे गेलेल्या तिच्या तक्रारी. तिने त्या मागे घ्यायचा प्रयत्न केला.

"तक्रार मागे घेता येत नाही," तिथला अधिकारी म्हणाला. "तिचं निवारणच करावं लागतं."

"पण मीच केली होती ना?"

"तरी. आणि भाषा फार कडक होती हो तुमची. वरपर्यंत गेलंय प्रकरण."

आयुष्यात पहिल्यांदा तिच्या रागाची कुणीतरी दखल घेतली होती, आणि तीही नेमकी नको तेव्हा. या गोष्टीचा तिला इतका राग आला की तिने आणखी एक तक्रार लिहायला घेतली होती. पश्चिमवालीने तिच्या हातातून पेन काढून घेतलं.

एका गुरुवारी दुपारी फोन वाजला.

"मॅडम, बुजवणी विभागाचा मुकादम बोलतोय. त्या थेरपीच्या दवाखान्यापाशी आलोय. वरून बोंब होती म्हणून चांगली सहा माणसं घेऊन आलोय. पण काम होत नाहीये."

ठकीच्या आईने फोन दोन्ही हातांनी धरला. "का? काय झालं?"

"अहो, एक पोरगी आमचं फावडं धरून बसलीय. सोडतच नाही!"

"केवढी आहे?"

"एवढीशी! आधी समजावून सांगितलं. मग म्हटलं, काढून घेऊ. मी ओढलं, हलेना. मग आमच्या गड्यानं ओढलं. बोटं आहेत का सांडशी आहे, देव जाणे! दांड्याला अशी चिकटलीत!"

मागून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडत होतं. "नाही सोडणार! माझा ढीग आहे! नाही सोडणार!"

"तिच्याबरोबर मोठं कुणी नाही का?"

"एक आजीबाई आहेत. त्या मला म्हणतात, 'ओढून दाखवच.'"

"आणि थेरपिस्टबाई?"

"त्यांचं तर विचारूच नका! त्या पायरीवर बसून हसतायत, आणि वर त्या पोरीला सांगतायत, 'अंगठा पलीकडून घे, अजून घट्ट बसेल!' आता मी काय करू, सांगा!"

ठकीच्या आईने तोंडावर हात धरला. पश्चिमवालीने विणकाम खाली ठेवलं, कारण पूर्व विभागाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते कुठल्याच तक्रारीवर आलेलं नव्हतं.

"मॅडम? ऐकताय ना? माणसं खोळंबलीत माझी. कुणालातरी पाठवा. हिच्या बोटांवर काहीतरी इलाज करणारं कुणी असेल, तर पाठवा लवकर."

ठकीच्या आईने डोळे पुसले, घसा खाकरला आणि आपला सगळ्यात गोड आवाज काढला.

"आपली गैरसोय मी समजू शकते," ती म्हणाली. "पण त्या कामाचं माणूस लवकर मिळत नाही हो. नाव लिहून घेते. साधारण पुढच्या वर्षी कळवू."